धूम्रकोटाची बाविसावी पायरी

२ ऑक्टोबर १९९४, रविवार

एकदाचा संसार लागला! संसार म्हणजे एक वळकटी, एक स्टोव्ह आणि पुस्तकांची ट्रंक. कोपरखैरणे गावठाणात गोटीरामशेठच्या घराच्या पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. खाली त्यांचं सिमेंट-सळयांचं दुकान. महाप्याची कंपनी सायकलनं वीस मिनिटं. तिथं मी तपासनीस. व्हॉल्व्हमधली केसाएवढी फट शोधायची आणि माल परत पाठवायचा, हे माझं काम. माझी बायको प्रेमला म्हणते की घरातही मी तेच करतो. खोटं नाही. तिच्या आमटीतलं मीठ मला वासावरून कळतं.

दिवाळीला ती आणि मोनाली कराडहून कायमच्या येतील. मोनाली दहा वर्षांची, पण बापाचा डोळा घेऊन आलीय. पुस्तकात चूक दिसली की समासात पेन्सिलीनं लिहायची आणि मला दाखवायची, हा आमचा जुना खेळ.

आणि खरी लॉटरी तर पुढंच आहे. माझ्या खोलीला लागून वाचनालय, आणि त्यात ‘धूम्रकोट’चे अठराच्या अठरा भाग! चेटकिणी, उडते घोडे, धुरानं वेढलेला किल्ला. कॉलेजात मी यापायी एक पेपर बुडवला होता.

९ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी ‘धूम्रकोट वाचक मंडळा’त गेलो. दारात एकानं विचारलं, दार राखलं? मीही किल्ल्यातल्या शिपायासारखं म्हणालो, राखलं! झालं, मी त्यांच्यातला.

अशी माणसं जगात असतात हेच मला माहीत नव्हतं. भिंतीवर आलेख-कागदावर काढलेला किल्ल्याचा नकाशा. धाकटी राणी चेटकीण होती का, यावर बँकेतला एक कारकून आणि कॉलेजातली एक पोरगी हमरीतुमरीवर आली. बाहेर लोक या पुस्तकांना टाइमपास म्हणतात, इथं ती पोथीसारखी वाचतात.

त्यांचा एक नियम फार आवडला. कोणाला चूक सापडली की त्यानं ती ‘शुद्धिपत्र’ नावाच्या वहीत लिहायची, खरं काय ते स्वतः ठरवायचं आणि सही करायची. मग स्वतःचं लिहिलेलं स्वतःला खोडता येत नाही. दुसऱ्या कोणी त्यात चूक काढली तरच बदलतं.

ग्रंथपाल कमळाकर पन्नाशीचे, फार सभ्य. मात्र महाआळशी. चहालाही खाली उतरत नाहीत. जेवणाचा डबा गोटीरामशेठच्या घरच्या सखूबाई वर आणून देतात. अकराव्या भागात पूर्व दरवाजाच्या दारवानाचं नाव कमळाकर आहे, त्यावरून सगळे त्यांना चिडवतात. उंबरठा ओलांडता येत नाही बिचाऱ्याला, बदली मिळाल्याशिवाय. ते नुसते हसतात.

त्यांनी मला चौथा आणि अकरावा भाग एकदम दिला. शेजारी शेजारी ठेवून वाचा म्हणाले. दोन्हींच्या जादा प्रती होत्या, त्या मोनालीला पार्सल केल्या, सोबत पत्रात मंडळाची आणि वहीची गंमत लिहिली.

१६ ऑक्टोबर, रविवार

सापडली! चौथ्या भागात पूर्व दरवाजाला बावीस पायऱ्या आहेत, अकराव्यात एकवीस. इतकी वर्षं वाचतायत आणि एकालाही दिसली नाही.

मी उभा राहून सांगितलं तशा सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कमळाकरांनी वही पुढं केली. खरं काय ते मी ठरवायचं होतं. आमच्या कंपनीत दोन मापं वेगळी आली तर नंतरचं धरतात. मी ठोकून लिहिलं: पायऱ्या एकवीसच. आणि झोकात सही केली, रणजीत.

टाळ्या पडल्या. कमळाकर मात्र रडत होते. फार हळवा माणूस.

१७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कमळाकरांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या. मोरा गावाला माझी आई आहे, म्हणाले, असली तर. सहा वर्षं झाली. माझ्या पायाला हात लावून जिन्यानं पळत गेले.

मी डबा घेऊन कामाला निघालो. जिना उतरलो आणि वाचनालयात पाऊल पडलं. झोप गेली नसेल म्हणून पुन्हा उतरलो. मग मोजत उतरलो. एकविसाव्या पायरीवरून खालची फरशी दिसते, भिंतीला टेकवलेली माझी सायकल दिसते. पाय खाली टाकला की तो वाचनालयाच्या उंबरठ्यावर पडतो.

अकरावा भाग काढून पाहिला. छापील अक्षरांत, पूर्व दरवाजाचा दारवान: रणजीत.

१९ ऑक्टोबर

गॅलरीतून उडी मारली. पडलो तो वाचनालयातल्या टेबलापाशी. गुडघा फुटला.

सखूबाई डबा घेऊन आल्या. त्या वर येतात, खाली जातात, त्यांना काहीच होत नाही. त्यांचा हात धरून उतरलो. एकविसाव्या पायरीनंतर हातात हात नव्हता. मी पुन्हा वाचनालयाच्या उंबरठ्यावर, त्या खाली. मग म्हणाल्या, कोनी सांगला तुला त्या वहीत नाव लिवाला? तो पन असाच हात धराचा माझा.

माझं वाक्य खोडलं. सकाळी होतं तसं. वही जाळली. सकाळी टेबलावर.

२३ ऑक्टोबर, रविवार

मंडळ भरलं. मी सगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं. बँकेतला म्हणाला, वा, काय वठवलंय! कॉलेजातल्या पोरीनं माझ्यासाठी दारवानाची पुठ्ठ्याची टोपी करून आणली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडलो तशा जास्तच वाजवल्या.

मग एकेक करून खाली उतरून गेले. मी त्यांची पावलं मोजली. बावीस.

२६ ऑक्टोबर

मोनालीचं पत्र. बाबा, अकराव्या भागात दारवानाला तुमचं नाव आहे! आणि त्यात एक चूकपण आहे. चौथ्यात बावीस पायऱ्या, अकराव्यात एकवीस. एक पायरी कुठं गेली? बावीसच बरोबर असणार. तिथं आले की तुमच्या मंडळाच्या वहीत मी स्वतः लिहिणार.

वाचून मला आनंद झाला. क्षणभर. सायकल दिसली, रस्ता दिसला. मी सुटणार म्हणून आनंद झाला. लाज वाटते. माझी पोर इथं, या टेबलाशी, सहा वर्षं—

नाही. ते होऊ देणार नाही.

२७ ऑक्टोबर

तार करायला सखूबाईंना पाठवलं. येऊ नका. त्यांनी फोनही लावला, कराडला शेजारी. प्रेमला म्हणे हसली. म्हणाली, ह्यांचं कायतरीच, सामान बांधून झालंय.

वही जळत नाही, फाटत नाही. पण भरते. कोरी जागाच उरली नाही तर मोनाली लिहिणार कुठं? आजपासून याच वहीत लिहितोय. माझी रोजनिशी पहिल्यापासून इथं उतरवून काढली. अजून पुष्कळ पानं आहेत. नकाशातली नावं लिहिली. व्हॉल्व्हचे नंबर लिहिले. राखलं राखलं राखलं, असं चाळीस पानं.

२९ ऑक्टोबर

बोटं सुजलीत. अकरा पानं उरली. सखूबाई म्हणाल्या, जेव रं बाबा. वेळ नाही—

आठ पानं.

३० ऑक्टोबर

शेवटचं पान. खाली रिक्षा थांबली. प्रेमलाचा आवाज. मी दाराला कडी घातलीय, पण कडी आपोआप— मी दारवान आहे, वाचकाला अडवता येत नाही. पंधराव्या भागात आहे ते. विसरलो होतो.

ओरडलो, मोने, वर येऊ नको. हसली. तिला वाटलं खेळ आहे.

मोजत येतेय. अकरा. बारा. तीन ओळी उरल्या. कुठलीच जागा ठेवणार नाही, मोने, एवढं एक तरी तुझा बाप—

एकवीस. बावीस.

दारात आहे. केवढी उंच झाली. हातात पेन्सिल. वहीकडं बघते. ही बघ बाळा, भरली, शेवटची ओळ, जागाच नाही, कुठं लिहिणार, जा आता खाली, आईकडं—

बाबा, म्हणते, त्यात काय, समासात लिहि