कॉफीच्या ओळींतला मका

आल्तो फ्रिओ, उइला
नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय एलिएसेर,

कागद बघून आधी तू घाबरशील. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. आपल्या पोरीच्या, लुस दारीच्या नेइवाला परीक्षा चालू आहेत, ती बरी आहे. गुडघा सोडला तर मीही बरी आहे. शेजारच्या बेलार्मिनोंची नात युरानी शनिवारी नवऱ्याकडे, तुझ्याच लेरिदाला यायला निघाली आहे. हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला बजावलंय. फोनवर का नाही बोललीस, असं विचारशील. दर रविवारी मी चार वाक्यं बोलते न बोलते तोच तू म्हणतोस, आवाज तुटतोय. आणि ज्या दिवशी आवाज नीट येतो त्या दिवशी नेमका तुझा भाऊ माझ्या खांद्यावरून डोकावून तुला हात हलवत असतो. कागदावर मला मध्येच तोडणारं कोणी नाही. म्हणून पहिल्यापासून सगळं लिहिते. तूही सगळं वाच, ओळी गाळू नकोस.

पहिली गोष्ट कॉफीची. गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या आईच्या उतारावर आपण दोघांनी रोपं लावली. तू खड्डे खणत पुढे, मी रोपं बसवत मागे, आणि तुझं ते बेसूर गाणं दिवसभर. जानेवारीत तू गेलास. जाताना मला म्हणालास, "वर्षाचा तर प्रश्न आहे, डिसेंबरात नाताळची नातिया खीर ढवळायला मी घरी असेन." आणि तुझ्या भावाला, विल्मेरला म्हणालास, "कॉफी लहान आहे तोवर ओळींच्या मधल्या जागेत एक हंगाम मका घे, राजमा घे, बदल्यात तण काढ." त्यात वावगं काही नव्हतं. सगळे असंच करतात. लग्न झाल्यावर आपणही बेलार्मिनोंच्या नव्या कॉफीत राजमा लावलाच होता की. पण आपण तण काढत होतो, एलिएसेर. त्यांच्या रोपांची आळी आपण अशी लख्ख ठेवायचो की ते म्हणायचे, इथे बसून जेवावंसं वाटतं.

तुझ्या भावाचं तण काढणं कसं असतं ते सांगते. दहा वाजता येतो. येतो तो आधी कोयत्याला धार लावत बसतो. धार लागेपर्यंत मी काळ्या कॉफीचा तिंतो आणून द्यायचा. मग उठून सपासप चालवतो, डावीकडे एक, उजवीकडे एक, जसं काही कुरणच साफ करायचंय. वरच्या ओळीतल्या कितीतरी रोपांच्या बुंध्यांना कोयता चाटून गेलाय. तिथली साल काळी पडली आणि रोपं एकेक करून वाळली. त्या जखमेतून रोग शिरतो, आळं हातानेच काढायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी सांगायला गेले तर म्हणतो, "वहिनी, एकेक काडी हाताने उपटायला मी काय भरतकाम करतोय?" बरं, कोयत्याने कापलेल्या गवताची मुळं तर जागच्या जागीच. आठ दिवस पाऊस झाला की ते पहिल्यापेक्षा दाट उगवतं. मग तो म्हणतो, बघा, मी काढलं होतं, पुन्हा आलं, त्याला मी काय करू.

मे महिन्यात पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी तुला दाखवली. तू फोनवर डोळे बारीक करून बघितलंस आणि म्हणालास, "खत कमी पडतंय, घाल." मी घातलं. तुला माहीत आहे मी कसं घालते ते. बाटलीचं झाकण भरून, उताराच्या वरच्या अंगाला, बुंध्यापासून हातभर लांब, अर्ध्या गोलात, म्हणजे पाऊस पडला की ते रोपाकडे उतरावं. पंधरा दिवसांनी बघते तर कॉफी होती तशीच पिवळी, आणि गवत गुडघ्याला लागायला आलेलं, काळंभोर. आई म्हणायची, आळं म्हणजे रोपाचं ताट, ते घासल्याशिवाय वाढायला जाऊ नये. तेच मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "बरोबर आहे, पण अजून एकदा घालून बघ." जुलैत पुन्हा घातलं. त्या खेपेला मक्याला कणसं अशी भरली की विल्मेर गावभर दाखवत फिरला. ऑक्टोबरात तू म्हणालास, "अजून एकदा." आता मला सांग, घरात चोर जेवायला बसलेत आणि तू बायकोला सांगतोस की आणखी चार आरेपा भाज. तिथे दिवसभर लोकांच्या नासपतीच्या बागेत राबून तू पैसे पाठवतोस, त्याचं मी खत आणते, पाठीवरून उतार चढवते, आणि ते खाऊन माजतं कोण? माझ्या जिवाचा नुसता संताप होतो. रात्री अंथरुणावर पडलं तरी डोळ्यांसमोर ते हिरवंगार गवतच येतं.

बेलार्मिनो गेल्या आठवड्यात कुंपणाशी थांबले. टोपी काढून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "रुबिएला, मका झकास आलाय हो. पण मध्ये मध्ये ते कॉफीचं तण फार माजू देऊ नका, काढून टाका." मी हसले. घरी येऊन मात्र पाण्यात गूळ टाकून चुलीवर ठेवला तो करपेपर्यंत लक्षात आलं नाही.

मी हातावर हात ठेवून बसले असंही समजू नकोस. सगळ्यात खालच्या दोन ओळी मी स्वतः काढल्या, बसून, सरकत सरकत, मुळासकट. मऊ, जमिनीलगत पसरणारं तण ओळींच्या मध्ये राहू दिलं, ते माती धरून ठेवतं. आळ्यातलं मात्र एक पातं ठेवलं नाही. गुडघा गेला तो तिथेच. पण त्या दोन ओळी तू बघायला हव्यास. ऑक्टोबरचं खत फक्त तिथे लागलं. तांबूस कोवळी पानं फुटलीत, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि फांद्यांची जोडीवर जोडी निघतेय. संध्याकाळी मी तिथे जाऊन उगीच उभी राहते. बाकीचं सगळं रान बघून रडू येतं आणि ह्या दोन ओळी बघून वाटतं, अजून वेळ गेलेली नाही. पण अजून एक पावसाळा जर हे असंच गवतामक्यात गुदमरलं तर ती रोपं रोपं राहणार नाहीत, काड्या होतील. मग आईच्या जमिनीत पुन्हा खड्डे खणायचं बळ माझ्यात नाही आणि तुझ्यातही नसेल.

आता विल्मेरच्या दुसऱ्या मक्याचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. ऑगस्टअखेर त्याने मका काढला. मला वाटलं, सुटले. एक हंगाम ठरला होता, एक हंगाम झाला. सप्टेंबरात पहिला पाऊस पडला आणि रविवारी पितालितोच्या बाजारातून परत येते तर हा उतारावर काठीने भोकं पाडतोय आणि पुन्हा मका पेरतोय, मध्ये राजमाही. मी पिशव्या रस्त्यातच टाकल्या. म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, "दादाला विचारलंय. दादा म्हणाला, घे अजून एक हंगाम." जमीन माझ्या आईची, तिने ती माझ्या नावावर केलेली, आणि विचारलं कोणाला तर समुद्रापलीकडच्या दादाला. त्या रात्री मी तुला फोन केला. तू म्हणालास, "मी बघतो, तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." आणि मग तुझा आवाज तुटला.

पण एक गोष्ट मनातून जाईना. आपल्या उंचीवर सप्टेंबरात पेरलेला मका मार्चपर्यंत उभा राहतो. जो माणूस डिसेंबरात घरी येणार, येऊन स्वतःची कॉफी सांभाळणार, तो भावाला मार्चपर्यंत रान कशाला देईल? हा हिशेब मी पन्नास वेळा केला आणि पन्नास वेळा बाजूला ठेवला. मनाशी म्हटलं, विचार न करता बोलून गेला असेल, भावाला नाही म्हणायची त्याला कधी सवयच नाही.

ह्या सोमवारी विल्मेरला म्हटलं, राजमा काढून घे आणि मका उपट, तिसऱ्यांदा घातलेलं खतही पावसाबरोबर तुझ्याच पिकाला जातंय. महिन्याभरात तुझा भाऊ येईल, त्याला काय दाखवू मी? तर तो धार लावता लावता म्हणाला, "वहिनी, इतकी कसली घाई? पुढच्या डिसेंबरापर्यंत कॉफी काही पळून जात नाही." पुढच्या. त्याने मान खाली घातली आणि धार लागलेल्याच कोयत्याला पुन्हा धार लावायला लागला. संध्याकाळी त्याची बायको नेल्सी आली. ओट्यावर बसली, खूप वेळ एप्रनचं टोक पिळत राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. एलिएसेरनी ऑगस्टातच मालकाला अजून एका वर्षाची सही दिली म्हणून हे सांगत होते." मी म्हटलं, हो, माहीत आहे. तेवढीच अब्रू राहिली होती, ती वाचवली. तिने विश्वास ठेवला नाही हे दिसत होतं.

मंगळवारी उजाडताच मी रानात गेले. आधी राजमा सगळा तोडला, एक शेंग सोडली नाही, आणि पोत्यात भरून कुंपणापाशी ठेवला, तो त्यांच्या घामाचा आहे, पोरं खातील. मग मका कापला. कमरेएवढा झाला होता. दुसऱ्या ओळीला आले तेव्हा मागे कोणीतरी आहे असं वाटलं, तर नेल्सी. खाली बसली आणि हाताने आळी काढायला लागली. दुपारी विल्मेर आला, कुंपणाशीच उभा राहिला. मला म्हणाला, "वेड लागलंय तुम्हाला." बायकोला म्हणाला, "तू इथे काय करतेस?" ती मान वर न करता म्हणाली, "भरतकाम." काल आम्ही दोघींनी काम संपवलं. मक्याची ताटं प्रत्येक रोपाभोवती अंथरलीत, बुंध्याला न टेकवता, म्हणजे गवत लवकर डोकं वर काढणार नाही. आज सकाळी जमीन ओली होती, खताचं शेवटचं अर्धं पोतं उरलं होतं ते घातलं. ह्या खेपेला ते कॉफीच खाईल.

विल्मेरने एव्हाना तुला फोन केला असेल. वहिनीने उभं पीक कापलं, वहिनी बिथरली, असं सांगितलं असेल. तो सांगतो ते खरं आहे, कापलं. तुझ्याजवळ त्याची बाजू आधी पोचली, माझी नंतर पोचतेय, नेहमीसारखी. त्यासाठी हे पत्र लिहीत नाहीये. तू भावाला माझ्या जमिनीचं एक वर्ष दिलंस आणि मालकाला तुझं एक वर्ष दिलंस. दोन्ही देताना मला विचारलं नाहीस, आणि दुसरं तर मला मक्याच्या पेरणीवरून ओळखावं लागलं. तुझं काही चुकीचं असेल असं नाही. लुस दारीची फी आहे, सगळं कळतं मला. तू सांगितलं असतंस तर मी दोन दिवस भांडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले असते. पण तू सांगितलं नाहीस, आणि वर ऑक्टोबरातही मला म्हणालास, खत घाल, अजून एकदा घाल. युरानी हे तुझ्या हातात ठेवेल त्या दिवशी मला फोन कर. विल्मेरला नाही, मला. आणि तुझ्या तोंडाने सांग की ह्या डिसेंबरात तू येत नाहीस. आवाज तुटला तर पुन्हा लाव. नातिया मी एकटी ढवळीन, अर्धी नेल्सीच्या पोरांना देईन. जमिनीचं मी बघून घेतलंय, तिथे आता माझ्याशिवाय कोणाला काही विचारायचं नाही. माझं-तुझं काय ते मला तुझ्याकडून ऐकायचंय, आणि सगळ्यांच्या आधी ऐकायचंय.

तुझीच, अजून तरी,
रुबिएला