तसबिरीवरचा हार

विंझर, मार्गशीर्ष

प्रिय,

पुढं नाव लिहायची सवय नाही, म्हणून 'प्रिय'वरच थांबले. लग्नानंतर तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावलीत, तेव्हाच बजावलं होतंत की मला पत्र लिहिशील तेव्हा 'तीर्थस्वरूप' वगैरे नको, सरळ 'प्रिय' लिही. तेव्हा लाजून मी पाटी पुसली होती. आज लिहिलं. हे पत्र तुमच्याआधी कुणी परका साहेब फोडणार, असं तुमच्या संपादकांनी सांगितलंय. फोडू दे. त्याला विंझरचं मराठी कुठलं कळायला!

घरचं सांगते. भाताची झोडणी झाली, पेंढा रचला. कपिला व्याली, कालवड झाली, तुमच्यासारखीच हट्टी आहे. तुमच्या आई बऱ्या आहेत. जेवतात, माझ्याशी भांडतात आणि आल्यागेल्याला ऐकवतात, "माझ्या गेनूला फिरंग्यानं धरला त्यो खरं लिवलं म्हनून. चोरी करून न्हाई गेला." याच आत्याबाई तुमच्या बातमीदारीला लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या म्हणायच्या, आठवतं ना? तुम्ही गोव्याला निघालात तेव्हा तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. पण तुम्हाला आणि तुमच्याबरोबर लिहिणाऱ्या त्या मडगावच्या शांबा नाईकांना बोटीत घालून पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं असं कळलं, आणि त्यांचा सूरच पालटला. आता गावात तुमच्याविषयी कुणी वाकडा शब्द काढून बघावा.

मागच्या आठवड्यात गावानं तुम्हा दोघांसाठी देवीच्या देवळात दोन रात्रींचा जागर मांडला. कल्पना संपादकांची. ते पुण्याहून नसरापूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आले, आणि म्हणाले की मूक जागरण करू, दिवा लावून सगळ्यांनी गप्प बसायचं. ते ऐकून कोंडिबा पाटलांना हसावं का रडावं कळेना. "तोंडं शिवून कसला जागर? देवी म्हनंल, समदं गाव मेलं का काय!" शेवटी तोड निघाली. संबळ वाजवायचं, आणि गाण्यांच्या जागी ज्ञानू मास्तरांनी तुमचे लेख मोठ्यानं वाचायचे. शेतसाऱ्यावरचा तुमचा लेख ऐकताना पाटील पोथी ऐकल्यासारखी मान डोलवत होते. वरच्या वाडीचा सावळा धनगर दिव्याला तूप घेऊन आला आणि घोंगडं टाकून तिथंच बसला. तुम्ही इथं असतात तर सगळ्यांची टिंगल केली असतीत, आणि मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले असतेत. मला ठाऊक आहे तुम्ही कसे आहात ते.

मधूनमधून तुम्हा दोघांची नावं पुकारायची असं ठरलं होतं. तिथं माझी पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं? बायका कोपरानं ढोसत होत्या, "घे की बने, उखाण्यात घे." मी तुमच्या नावाला तोंड मिटून घ्यायचे आणि शांबांचं नाव मात्र खणखणीत पुकारायचे. सगळ्या हसल्या. मीही हसले.

संपादकांबरोबर आलेल्या पुण्याच्या मंडळींनी खांबाला तुमच्या दोघांच्या तसबिरी टांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संपादकांनी दोन्ही तसबिरींना झेंडूचे हार घातले, खाली उदबत्ती लावली. पुण्यात पुढाऱ्यांना घालतात तसे असतील, असं आम्हाला वाटलं. पण आपल्याकडं तसबिरीला हार कधी चढतो ते तुम्हाला सांगायला नको. दिवेलागणीला वाडीवरची म्हातारी आक्काबाई आली, तिनं दारातनं हार बघितला आणि तिथंच हंबरडा फोडला. तिचं बघून आणखी दोघीतिघी रडायला लागल्या. आक्काबाईनं माझा हात हातात घेतला आणि ती माझ्या बांगड्या चाचपू लागली. तेवढ्यात आत्याबाई उठल्या. "जित्या मान्साला हार घालत्यात व्हय रं? हेच शिकलासा का पुन्यात?" असं म्हणून त्यांनी तुमच्या तसबिरीवरचा हार ओरबाडून काढला आणि बाहेर शेळीपुढं टाकला. संपादक मान खाली घालून उभे राहिले. संबळ पुन्हा सुरू झालं. शांबांच्या तसबिरीवरचा हार तेवढा तसाच राहिला, कुणाच्या ध्यानात आला नाही. त्यांची आई थोडीच होती तिथं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. जागर उठल्यावर संपादकांनी मला पाणवठ्याकडं बोलावून घेतलं. म्हणाले, "वहिनी, हार चुकून नव्हता घातला." बोटीवर तापाची साथ आली होती. तुम्हा दोघांतला एक वाटेत गेला. कोण गेला ते कळत नाही, तिकडून नाव आलेलं नाही. एकालाच हार घालायला त्यांचा हात धजेना, म्हणून दोघांना घातला. आत्याबाईंना मी सांगितलेलं नाही. त्या तुमच्यासाठी नाचणी निवडून ठेवताहेत. मी मात्र त्या दिवसापासून रोज देवळात जाते, शांबांच्या तसबिरीवरचा हार जागेवर आहे ना ते बघते आणि देवीला म्हणते, राहू दे, तो तिथंच राहू दे. ज्याचं नाव मी एवढ्या मोठ्यानं पुकारलं, त्याचंच मरण मागते आहे. त्यांनाही बायको असेल. तीही तिकडं समुद्राकाठी कुठल्यातरी देवापुढं तुमच्यासाठी हेच मागत असेल. तिचा मला राग येत नाही. आज सकाळी गेले तेव्हा फुलं वाळून काळी पडली होती. मला ते बघवेना. मी त्यांचाही हार काढला आणि शेळीपुढं टाकला. आता दोन्ही तसबिरी मोकळ्या आहेत. तुमच्या हातच्या दोन ओळी पाठवा, जास्त नको. आणि तुम्हाला लिहिता येत नसेल, तर शांबाभावजींना लिहायला सांगा. अक्षर त्यांचं असलं तरी मी पत्र फोडीन आणि शेवटपर्यंत वाचीन.

तुमचं नाव आज पाकिटावर पहिल्यांदाच लिहिणारी,
तुमचीच
बना