बावन्न मिनिटांची लाट

झाग्रेब, १४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय तिहोमिरकाका,
सादर प्रणाम.

आपण स्टुडिओ सोडून गेलात त्या दिवशी जिने आपला साधा निरोपही घेतला नाही, तिने आता आपणहून पत्र लिहावे, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. तिकडे आपल्या सेन्य गावी वारा घोंगावत असेल. आपला गुडघा बरा असावा.

इकडे सारे ठीक. ध्वनी पाहणारे दामिर अजून नव्या ग्राफिक्स कार्डावर डोळा ठेवून असतात. परवा आपल्या स्टुडिओप्रमुख नेवेन्काबाई म्हणाल्या, "अहो दामिरबुवा, तुमच्या आवाजाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मुकाट कॉफी प्या!" ते खरेच आहे. हाताने चित्रे काढण्यातही त्याने फारसा फरक पडत नाही. रंगसंस्कार आणि स्कॅनमधले ठिपके काढणे मात्र झपाट्याने होते. राहिली आपली त्रिमितीय दृश्ये.

सप्टेंबरात कार्ड एकच आले. ते कोणाच्या यंत्रात बसवावे, हे ठरवण्यासाठी चाचणी माझ्यावर सोपवली गेली. माझ्या स्कॅनचे चाळीस मिनिटांचे काम सहा मिनिटांत झाले. आपल्या चित्रपटातल्या लाटेची एक चौकट, म्हणजे एक स्थिरचित्र, तयार व्हायला कार्डाविना बावन्न मिनिटे लागली, कार्डासहही बावन्नच. आपण हसून म्हणालात, "घे गं पोरी, कार्ड तुझंच. माझा समुद्र म्हातारा, तो कुठे पळतोय!" उरलेल्या अठ्ठावीसशे चौकटींना एकशे एक दिवस लागणार, म्हणून महोत्सवाला पाठवायच्या यादीतून आपला चित्रपट वगळला गेला आणि आपण गावी परतलात.

काका, ती चाचणी चुकीची होती. कार्ड बसवले, तरी गणनेसाठी तेच वापरावे, असे प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये निवडावे लागते. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते आपोआप होते. आपल्या प्रोग्रॅममध्ये होत नाही. दोन्ही वेळा एकटा प्रोसेसरच राबत होता.

हे मला तिसऱ्याच दिवशी कळले. आपण तेव्हा पलीकडे खोक्यांत सामान भरत होता. मी बोलले नाही. बैठकीत प्रथमच कोणी माझे आकडे आधार म्हणून वाचून दाखवले होते. ते स्वतःच्या हाताने खोडवेनात. तोवर ती चूक होती. त्यानंतर तो अपराध झाला.

आज सातला येऊन कार्ड आपल्या यंत्रात बसवले, निवड केली आणि तीच चौकट पाच वेळा चालवली. पाचही वेळा चार मिनिटे. म्हणजे सारे काम आठ दिवसांत संपते, आणि प्रवेशाची मुदत एक डिसेंबर आहे. हे आकडे मी निःशंकपणे देते. कोणीही शेजारी बसून पडताळावेत.

पुढच्या चौकटी मात्र सुरू केलेल्या नाहीत. तो अधिकार आपला. फोनवर नुसते "चालव" म्हणालात, तरी पुरे. नाही म्हणालात, तर तेही मला ऐकायलाच हवे.

या पत्राची प्रत याच क्षणी नेवेन्काबाईंनाही जात आहे. त्या नऊला येतात. मी इथेच आहे.

आपला समुद्र अडवून ठेवणारी,
झ्रिंका

पाठवले : गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८ वाजून ४१ मिनिटे