पाचव्या पानावरचा मुद्दा

१९ जानेवारी, सकाळी ९
आज पहाटे गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपून गिरणी उघडली. पहिलं दळण ओतायच्या आत लाइट गेली. स्टुलावर बसून कालची पुरवणी वाचली. रानहत्तींवर पानभर लेख. मिरवणुकीतला हत्ती पुष्कळदा पिल्लू असताना जंगलातून, आईपासून तोडून आणलेला असतो. सामान्य माणसानं काय करावं तेही दिलं होतं. हत्तीवर बसू नका, त्याला मिरवणुकीला बोलावू नका, त्याच्या दाताच्या-केसाच्या वस्तू घेऊ नका. लाइट आली तरी वाचतच होतो. सामान्य माणूस म्हणजे मीच.
परभणी जिल्ह्यात रानहत्ती नाही, हे माहीत आहे. पण ताडकळसला आमच्या मठाच्या पालखीपुढे दर वर्षी भाड्याचा हत्ती चालतो. यंदा चालणार नाही. मी कमिटीत आहे. निश्चय पक्का.

२० जानेवारी
निश्चय बायकोला सांगितला. शिवकन्या म्हणाली, चांगलं हाय, पर तुमच्या बोटातली अंगठी कशाची हाय? हत्तीच्या शेपटीच्या केसाची आहे, सोन्याच्या कड्यात बसवलेली. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून लग्नात सासऱ्यांनी घातली. म्हणजे तिच्याच माहेरची. मी शांतपणे समजावलं की हे केस निघून पंचवीस वर्षं झाली, हत्तीला आता त्याचं काही नाही. आधी मोठं काम, मग बारीकसारीक. ती बरं म्हणाली आणि चाळणी घेऊन आत गेली. तिचं ते बरं मला आवडत नाही.

२५ जानेवारी
उद्या झेंडावंदनानंतर कमिटीची बैठक. भाषण तयार, सहा पानं. एकदम हत्ती नको म्हणणं उद्धटपणाचं दिसतं. आधी लोकांच्या मनात माया उत्पन्न करायची, मग मुद्दा.

२६ जानेवारी
माया उत्पन्न झाली. हत्तीण पिल्लाला सोंडेनं कशी सावरते, कळपातली म्हातारी पाण्याची वाट कशी लक्षात ठेवते, हे सांगताना कमिटीतल्या दगडाबाईंनी पदर डोळ्याला लावला. चौथं पान चालू असताना अध्यक्ष राजेश्वरअप्पांनी हात वर केला. म्हणाले, शिवप्रसादअप्पा, हत्तीची इतकी माया गावात कुणालाच न्हाई, आमाला आजवर कळलंच न्हाई. यंदा हत्ती आणायचं तुमच्याकडंच. टाळ्या पडल्या.
मुद्दा पाचव्या पानावर होता.
एका अर्थी बरंच झालं. बाहेरून विरोध करण्यापेक्षा काम हातात असलेलं चांगलं. शिवकन्येला हे पटवून दिलं. ती बरं म्हणाली.

३ फेब्रुवारी
पिंगळीला जाऊन माहुताला भेटलो. स्टेशनपलीकडे बाभळीखाली हत्तीण बांधलेली. माहुतानं स्वतःहून नाही म्हणावं, अशी योजना. म्हणालो, आमच्याकडं रस्ता लय खराब हाय. तो म्हणाला, हत्तीला कसला आलाय रस्ता? म्हणालो, गर्दी लय असती. म्हणाला, तिला सवय हाय. मग त्यानं चहा मागवला. रिकाम्या हातानं उठणं बरं दिसेना, म्हणून शिवकन्येनं वाटेतल्या देवळासाठी दिलेला नारळ आणि सुपारी त्याला दिली. त्यानं कपाळाला लावून घेतली. बोलणी पक्की झाल्याचं मग लक्षात आलं.
त्याची नजर माझ्या अंगठीवर गेली. केस जुने दिसायलेत, नवे देऊ का म्हणाला. तेव्हा मी हत्तिणीच्या शेपटीकडे बघितलं. टोकाला चार-दोन केस. बाकी उघडं. माशा बसत, ती शेपटी हलवी, माशा तिथंच. माहूत म्हणाला, मी काय करू, ज्या गावात जावं तिथं तुमच्यासारखी भली माणसं मागतेत.
परतताना एसटीत हात खिशात घालून बसलो. थंडी होती. दुपारची होती, पण होती.

७ फेब्रुवारी
वनखात्याला निनावी पत्र लिहिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं. मलाच वाचता येईना. पुन्हा उजव्या हातानं लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. उद्या टाकतो.

९ फेब्रुवारी
सदरा धुतला गेला.

१० फेब्रुवारी, पहाटे ५
चैन नाही. अंगणात फेऱ्या मारल्या. तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटले तरी शेपटी दिसते. अंगठी असून स्वप्नं पडतात, याची तक्रार आता सासऱ्यांकडे करता येत नाही. ते वारले.
पालखीच्या दिवशी मला ताप येईल, असं ठरवलं आहे.

१२ फेब्रुवारी
बायकांचं भजनी मंडळ आज मठात गेलं. पुढे शिवकन्या. तिच्या हातात माझ्या भाषणाचं पाचवं आणि सहावं पान होतं. मला विचारलंही नाही. तिनं वाचलं, कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. मग दगडाबाई राजेश्वरअप्पांना म्हणाल्या, हत्ती आला तर आमी ओवाळणार न्हाई आन् मागं चालणार न्हाई. तुमी आन् हत्ती, दोघं मिळून पालखी फिरवा. अप्पांनी तिथूनच माहुताला फोन करून नको म्हणून कळवलं. एकूण पाव तास लागला.
संध्याकाळी राजेश्वरअप्पा घरी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुमी लय मन लावलं व्हतं, वाईट वाटून घेऊ नका. बायांपुढं कुणाचं चालतंय? पुढल्या साली बघू. आत भांडं पडलं. मी म्हणालो, जशी शिवाची इच्छा.
ते गेल्यावर शिवकन्या म्हणाली, आता बारीकसारीक राहिलंय.

१३ फेब्रुवारी
अंगठी निघेना. खोबरेल लावलं, साबण लावला. बोट सुजलं. शेवटी सोनाराकडे गेलो. तो म्हणाला, जुनी वस्तू हाय, कशाला मोडायलाव? पण कापली. चार केस निघाले.
ते घेऊन पिंगळीला गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. बाभळीखाली शेण आणि उसाचा चोथा. चहावाला म्हणाला, सकाळीच ट्रक भरला, दुसऱ्या गावाचं बोलावणं आलं. कोणतं गाव, ते त्याला माहीत नव्हतं.
दुपारी गिरणी उघडली. सुलाबाई ज्वारी घेऊन आल्या. बोटावरचा पांढरा पट्टा बघून म्हणाल्या, अप्पा, अंगठी कुठं पडली?
काढली, म्हणालो. प्रस्तावना केली नाही.