डावीकडून दुसऱ्याचा एकट्याने कार्यक्रम

कोपरी, ठाणे पूर्व

आदरणीय सहदेवदादा,
सप्रेम जय भीम.

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू येणेप्रमाणे : चार फूट व्यासाचा गोल चबुतरा, चाकांवर फिरणारा (प्लाय अठरा मिलिमीटर, बाराच्या प्लायवर माझा विश्वास नाही), काळा कोट, टिकल्या लावलेला, घरच्या जुन्या कुकरपासून धुराचं यंत्र, आणि नऊ गाणी, शब्द-चालीसकट. गाणंही मी कुणाकडे शिकलेलो नाही, हे तुला माहीत आहेच (तू ते चारचौघांत सांगतोसही). एवढं सामान घेऊन गेल्या रविवारी डोंबिवलीत माझा पहिला एकट्याचा कार्यक्रम झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमच्या मोहने गावात गारवा जास्त, सांभाळायला सांग.

पोस्टरवर आपल्या ग्रुपचं, 'चौरंग'चं, नाव मी मुद्दाम छापलं नाही. कॉलेजच्या पोरी आपल्या चौघांसाठी कॅसेटच्या दुकानाबाहेर उभ्या राहायच्या हे खरं. पण तुला त्या 'सहदेव' म्हणायच्या आणि मला 'डावीकडून दुसरा'. कव्हरवर मी तिथे होतो. आता लोकांनी मुकुल म्हणून ऐकावं, एवढीच इच्छा. (रचना म्हणते, चव्वेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याची एवढीच इच्छा असणं हे तिचं नशीब.)

पहिली पाच गाणी हॉल शांत होता. कारण धूर. कुकर घासघासून घेतला होता, तरी धुराला तुरीच्या वरणाचा वास आला आणि पुढच्या तीन रांगा वडापाव खायला बाहेर गेल्या. सहाव्या गाण्याला परतल्या. ते शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाचं गाणं आहे. रंगूबाई नावाच्या एका आजींनी डोळे पुसले. त्यांचा मुलगा रोज तिथेच अडकतो.

इतक्यात मागून आवाज आला, "ओ डावीकडून दुसरे! ते गॅलरीवालं घ्या ना!"

मी माइकवरून शांतपणे सांगितलं, ते गाणं आज कार्यक्रमात नाही.

"मग आणा की! आम्ही काय वरण खायला आलोय?"

आणि कीबोर्डवरच्या गोपीनाथने मला न विचारता सुरुवात केली (लग्नांच्या हळदीत तेच वाजवून वाजवून त्याची बोटं आपोआप जातात). तुझी ओळ आली, "गॅलरीत ये ना, सोनल", आणि दादा, मी खाली मान घालून दोन पावलं उजवीकडे सरकलो. तुला जागा द्यायला. आपलं गाणं बसवलंच तसं होतं. चबुतरा मात्र एका माणसाच्या मापाचा. दुसरं पाऊल हवेत पडलं. (चबुतऱ्याला काही झालं नाही. अठरा मिलिमीटर.)

माझी वेळ आली तेव्हा मी खालूनच "ये ना, ये ना" म्हटलं. हॉल उठून उभा राहिला. तुझ्या, संदेशच्या, सुमितच्या सगळ्या ओळी लोकांनी म्हटल्या. माझी एकानेही म्हटली नाही. तिथे सगळे थांबायचे आणि माझी वाट बघायचे. हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटपर्यंत मी आडवाच होतो. लोकांना वाटलं, बसवलंय.

नंतर सेल्फीला रांग लागली. सगळे मला आडवं व्हायला सांगत होते. एकट्या रंगूबाईंनी पोस्टर वाचून विचारलं, "मुकुल, ते फाट्याचं परत कधी म्हणशील रे?"

कंबर ठीक आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुल

ता. क. : पुढचा कार्यक्रम कल्याणला आहे. तू यावंस. स्टेजवर नाही. मागच्या रांगेत बस आणि पाचवं गाणं संपलं की ओरड, "मुकुल, ते फाट्याचं घे!" नाव घेऊन. तुझा आवाज पोचतो.

आणखी एक : मानपाड्याचे एक बिल्डर भेटले होते. मुलीच्या हळदीला आपण चौघांनी तेच एक गाणं म्हणायचं आणि मी ठरल्या जागी पडायचं. मी आता एकट्याने गातो, असं सांगून नकार दिला. तुम्हा तिघांच्या वतीनेही देऊन टाकला (फोन करायचं सुचलं नाही). तीन लाख वीस हजार देत होते, जेवण वेगळं.