फ्रिजच्या पंख्याला गंध

४ ऑक्टो., शनि.
गाडीतला छोटा फ्रिज गेला. पाच मिनिटं चालतो, तापतो, गप्प. मागचा पंखा फिरतच नाही. आणि शुक्रवारी अप्पांना तंजावरला न्यायचंय. त्यांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळलीय, 'येतोस का' म्हणून रोज फोन. त्यांचं इन्सुलिन कसं न्यायचं? गेल्या खेपेला बर्फाच्या पिशवीत गोठलं, फेकावं लागलं.

६, सोम.
एग्मोरचा सर्व्हिसवाला. न उघडताच निकाल! "कम्प्रेसर पोच्चु, मॅडम. पुदुसु वांगिक्कोंगो." गेला म्हणे, नवा घ्या. अरे मेल्या, एक स्क्रू तरी काढ! आयुष्यभर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये वायरी जोडल्या मी, आणि हा मला शिकवतो. भर दुकानात तमिळमधून असं तोंड सोडलं की शेजारचा चहावाला बघायला आला. फ्रिज उचलून वेलचेरीला घरी परत. कंबर धरली.

७, मंगळ.
मल्टिमीटर काढला. फ्रिजकडून बारा व्होल्ट व्यवस्थित. पंखा थेट बॅटरीला लावला, भिरभिरला. कम्प्रेसर म्हणे! उरला मधला प्लग. भिंग लावलं. पिनांवर पिवळा सुका थर. नखाने खरवडून हुंगला.
चंदन.
आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मीच मागची जाळी काढून, प्लग सुटा करून धूळ पुसली होती. अप्पा गंधाची वाटी घेऊन मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना टिळे लावत फिरत होते. उघडा प्लग दिसला, त्यालाही लावला. आणि मी, लॅबवाली, न बघता तो तसाच खुपसला! एवढा संताप कधी आला नव्हता. दिवसभर भांडी आपटली. नव्वदीच्या बापाला काय बोलणार.

९, गुरु.
स्पिरिट, जुना टूथब्रश. पंखा फिरला. मधेच एकदा अडखळला, मग फिरला. पिना झिजल्यात का?
सर्व्हिसवाल्याची माफी मागायची का? मुळीच नाही. न उघडता बोलला तो बोललाच.

१०, शुक्र., सकाळ
इन्सुलिन आत. पंखा चालू. अप्पा गाडीपाशी, हातात गंधाची वाटी. मी पंख्याच्या जाळीपुढे आडवी उभी.
"दूर जातें हें. गंध नको का, अग?" मग झाकणावर बोट टेकवून, माझ्याकडे न बघता, "ह्या खेपेस वरच लावतों. आंत नको."
म्हणजे कळलं होतं त्यांना. मंगळवारी दिवसभर भांडी ऐकत बसले होते.
अक्काचा फोन वाजतोय. आम्ही निघतो. पंख्याचा आवाज मधेच अडखळतोय. टूथब्रश बरोबर घेते.