पायऱ्यांच्या गल्लीची रेघ

११ फेब्रुवारी
"नकाशात नसलेल्या शेजाऱ्यांनो! टेकडीवर तुमची नऊशे घरं, आणि शहराच्या नकाशात तिथे नुसता हिरवा रंग!" — तीन वर्षांपूर्वी याच वाक्याने सभा जिंकली. वस्ती नकाशात आली. रविवारच्या सभेसाठी तेच वाक्य लिहायला घेतलं आणि हात थांबला.

कारण शिंपी. महिन्यापूर्वी दुकानातच पक्षाघाताने कोसळला. रुग्णवाहिका नकाशा बघत निघाली, सर्वांत जवळचा रस्ता धरला आणि पायऱ्यांपुढे येऊन थांबली! वळसा घालून यायला पंचवीस मिनिटं. जीव वाचला, उजवा हात गेला. शिंप्याचा उजवा हात!

१२ फेब्रुवारी
वस्ती पेटली आहे. "नेते, नकाशा कार्यालयाची सालटी काढा!" मी मान डोलावली. भित्रा!

१३ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. आमच्या गल्ल्या मीच आखल्या. काम मागून घेतलं होतं. उपग्रहाच्या चित्रावर, एका बैठकीत, चाळीस गल्ल्या. प्रत्येक रेघेचा प्रकार निवडायचा — रस्ता, पायवाट, पायऱ्या. नोंदी तपासायला नकाशा कार्यालयात आमची वहिनीच. म्हणाली होती, "भावजी, या तर पायऱ्या. गाडी काय उडत जाणार?" मी भाषण ठोकलं — पायवाट म्हटलं की सोयीही पायवाटेपुरत्याच मिळतात! सगळीकडे रस्ता लिहा! "तुमच्यापुढे कुणाचं चाललंय?" म्हणत तिने मंजुरी दिली.

त्या पायऱ्या मी रोज चढतो. धापा टाकत.

१४ फेब्रुवारी
वहिनीला चौकशीची नोटीस. नोकरी जाईल. जेवताना दादा म्हणाला, "रविवारी जरा जपून बोल रे." वहिनीने ताटातून मान वर केली नाही. माझं नाव तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही.

१५ फेब्रुवारी
शिंप्याकडे गेलो. डाव्या हाताने सुई ओवत होता. "नवा कारागीर ठेवलाय, नेते. पक्का कामचुकार!" डावा हात दाखवत हसला. मग हळूच — "उद्या सोडू नका त्यांना."

चहा तसाच ठेवून निघालो.

१६ फेब्रुवारी
सभा. ते जुनं वाक्य गाळलं. "शेजाऱ्यांनो, पायऱ्यांना रस्ता म्हणणारी ती रेघ माझी. वहिनीने अडवलं होतं, मी ऐकलं नाही." टाळ्या नाहीत. मागून कुणीतरी — "खाली उतर!" उतरण्याआधी एवढंच म्हणालो — उद्या सकाळी सातला पायऱ्यांच्या गल्लीत या, आणि माझ्या चाळीसच्या चाळीस रेघा पायी चालून तपासा.